सशांचे कान तुझ्या बाजूला

४ मार्च

ताई,

कात्री परत पाठव.

नमस्कार-चमत्कार, तब्येतपाणी सगळं नंतर. आधी कात्री. ती मोठी, काळ्या मुठीची. आईने ती तुझ्यासाठी मुद्दाम बनवून घेतली होती, ठाऊक आहे मला. पण इतकी वर्षं ती आपल्या टेबलावर होती, आपल्या धंद्याची झबली तिने बेतली जात होती, म्हणजे ती धंद्याची कात्री झाली. तू धंदा सोडून गेलीस. मग धंद्याची वस्तू कुठल्या हक्काने नेलीस?

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्राचं बरं असतं, कुणी उचलो न उचलो, ते दारात येऊन पडतंच. तू ज्या कपड्यांच्या कारखान्यात लागलीस त्याचा पत्ता वहिनीने दिला. मला न देता तिला दिलास, हेही मी लक्षात ठेवलंय.

आणि असं काय आभाळ कोसळलं होतं गं? ससे उलटे आले, एवढंच ना? आजवर आपण साधं कापड वापरलं, पांढरं नाहीतर पिवळं, त्याला ना डोकं ना पाय. छापील कापड पहिल्यांदाच घेतलं, तेही दुकानवाल्या हसऱ्या शेठना हवं होतं म्हणून. तू नेहमीप्रमाणे कापड वाचवायला पुढचा भाग एका दिशेने नि पाठ दुसऱ्या दिशेने ठेवून बेतलंस. मी नेहमीसारखं आतल्या बाजूने शिवलं, तिथून ससा दिसतोय कुठे? घडी घातली ती पाठ वर करून, आणि पाठीवरचे ससे होते सरळ. झालं. गठ्ठा दुकानात गेला, शेठनी पहिलंच झबलं उलगडलं आणि ते त्यांचं ठेवणीतलं हसू हसत म्हणाले, "ताई, तुमचे ससे डोक्यावर का उभे आहेत?" सगळा गठ्ठा परत.

तू तिथे एक शब्द बोलली नाहीस. घरी येऊनही बोलली नाहीस. सकाळी बघते तर तू नाहीस, कात्री नाही, आणि शिवणयंत्राच्या सुईखाली चिठ्ठी, 'माझी चूक झाली. मला हे आता जमणार नाही.' म्हणजे चूक तुझी आणि शिक्षा मला! हा कुठला न्याय?

दादा काय म्हणाला ते ऐक. "दोघी होतात तोवर धंदा होता. एकटीने केला तर तो छंद. छंदासाठी रस्त्यावरची खोली अडवून ठेवायची नाही." मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी त्याचं बोलणंसुद्धा झालंय. या महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची म्हणे. मी म्हटलं, यंत्र उचलायला ये, मग बघू कोण कुणाला उचलतं ते.

कात्री पाठव. नीट गुंडाळून. टोकाला बूच लाव.

तुझी भागीदार
(बहीण आहे की नाही ते तू ठरव.)


९ मार्च

ताई,

कात्री आली नाही.

पत्र पोचलंय हे मला माहीत आहे, कारण परत आलं नाही. वहिनी म्हणते, तुझ्या कारखान्यात कापडाचे थरच्या थर एकदम कापतात, यंत्राने, आणि तू नुसती उभी राहून मापाचा कागद बरोबर ठेवलाय का ते बघतेस. वा! ज्या हाताने तू डोळे मिटून गळा बेतायचीस तो हात आता खिशात घालून उभी राहा.

इथली खबर. परत आलेल्या गठ्ठ्याचं काय करायचं यावर घरात मोठी चर्चा झाली. वहिनी म्हणाली, पुढचा भाग उसवून साधं कापड लाव. दादा म्हणाला, फरशी पुसायला चांगली होतील. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि खोलीत येऊन सगळी झबली खिडकीत दोरी बांधून टांगली. अगदी रस्त्यावर तोंड करून. चिमटे लावून. एकेक ससा खाली डोकं, वर पाय.

लोक हसतात. हसू देत. शाळेतून घरी जाणारी पोरं मान वाकडी करून बघतात आणि एकमेकांना ढकलतात. काल समोरचा लाँड्रीवाला येऊन विचारून गेला, "काय हो, दोरी उलटी बांधलीत का?" मी म्हटलं, "नाही, तुमची नजर उलटी बांधलीय." तो हसतहसत गेला, पण गेला.

उसवणार मात्र नाही. एकही टाका नाही. प्रत्येक गळ्याला तिरप्या कापडाची उरेब पट्टी मी हाताने घातलीय, खांद्यावरचं टिचबटण बाळाच्या मानेला टोचू नये म्हणून त्याखाली दुहेरी कापड घेतलंय. शिवणीत काडीची चूक नाही, बेतण्यात काडीची चूक नाही. ससा कुठल्या दिशेला बघतो यावरून झबलं वाईट ठरत असेल तर ठरवणाऱ्याने स्वतः घालून दाखवावं.

बाकी माझं छान चाललंय. नवीन कात्री आणलीय बाजारातून. बेतायला लागलेय मीच. छान जमतंय.

तरी ती कात्री पाठवच. वस्तू धंद्याची आहे, मुद्दा तो आहे.

भागीदार


१५ मार्च

ताई,

बैस आधी. उभी असशील तर बैस. कागद बरोबर ठेवलेत का ते कारखान्यातलं दुसरं कुणीतरी बघेल.

पलीकडच्या चौकातली चष्मेवाली आठवते? बँकेत आहे ती, आपल्याकडून टोपरं नेलं होतं बाळंतपणाच्या आधी. तिचा मुलगा आता बसायला लागलाय. इतका गुबगुबीत झालाय की मी त्याला ढब्बूच म्हणते. ती आज लाळेरं घ्यायला आली, तेवढ्यात ढब्बूने गळ्यापासून पोटापर्यंत सगळं दूध बाहेर काढलं. तिच्या पिशवीत दुसरा कपडा नाही. ती म्हणाली, "काहीही द्या हो, कोरडं असलं म्हणजे झालं." मी खिडकीतून हाताला लागलं ते झबलं ओढलं.

डोक्यातून घातलं. तो रडला नाही. तू नेहमी म्हणतेस ना, मूल रडलं नाही की गळा बरोबर. रडला नाही. गळा तू बेतलेला होता, रडेल कशाला?

मग त्याला टेबलावर बसवला. आम्ही दोघी पुसापुशी करत होतो. एकाएकी तो गप्प झाला. बघते तर हनुवटी छातीला टेकलेली आणि डोळे पोटावर. एक बोट हळूच सशाच्या नाकावर ठेवलं. मग दुसऱ्या हाताने कान धरायला गेला. कान काही हातात येईनात, तर चिडायचं सोडून हा खदखदून हसायला लागला. चष्मेवाली म्हणाली, "अगंबाई, हा कधी असा एका जागी बसत नाही."

मी टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे गेले आणि त्याच्या डोक्यावरून वाकून बघितलं.

ताई, ससा सरळ उभा होता.

वेडे आपण! इतकी वर्षं बाळांचे कपडे शिवतोय आणि बाळाच्या बाजूने एकदाही बघितलं नाही. जगातले सगळे ससे, अस्वलं, होड्या, बदकं बाळाच्या पोटावर उभी असतात ती आपल्याला बघायला. त्या बिचाऱ्याला दिसतात ते पाय! कपडा त्याचा, पोट त्याचं, आणि चित्र मात्र पाहुण्यांना! मला इतका राग आला की काय सांगू. आणि इतकं हसू आलं. रडूही आलं, पण ते फार नाही.

चष्मेवाली गेल्यावर मी पुठ्ठा घेतला आणि जाड खडूने लिहिलं, 'ससा बाळासाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही.' खिडकीत मधोमध लावलाय. दादा म्हणाला, "हे असलं लिहून कुणी धंदा करतं का?" मी म्हटलं, "मी करते."

मान वाकडी करणाऱ्या पोरांतली एक आज पाटी वाचून आत आली, स्वतःच्या फ्रॉककडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "माझं फुलपाखरू पण उलटं आहे." तोंड एवढंसं झालं होतं तिचं. मी म्हटलं, तुझ्या शिंप्याला सांग.

आणि हो, त्या शेठना तू तेव्हा उत्तर द्यायला हवं होतंस. मीही द्यायला हवं होतं, पण तू मोठी आहेस.

भागीदार


२१ मार्च

ताई,

खिडकी रिकामी झाली. झबली संपली.

चष्मेवालीने बँकेत सांगितलं, बँकेतल्या बाईने बहिणीला सांगितलं, त्या बहिणीने सासूला, आणि ती सासू तर दोन नातवंडं काखोटीला मारून आली. आधी मला वाटलं भांडायला आलीय. थोरल्याला झबलं चढवून तिने त्याला खुर्चीत बसवलं, स्वतः त्याच्या मागे उभी राहिली, खाली वाकली, बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं कंबर धरली. मग म्हणाली, "इतकी पोरं वाढवली मी, कुणी सांगितलं नाही हो हे." आणि दोन्ही नातवंडांसाठी घेऊन गेली.

मग कोण आलं असेल? हसरे शेठ. तेच हसू. "ती उलट्या सशांची सगळी द्या, आमच्याकडे विचारायला लागलेत."

मी म्हटलं, "उलटे नाहीत ते."

"बरं, ते तसले."

"तसले नाही. बाळाच्या बाजूने सरळ. म्हणा."

दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती. शेठना म्हणावं लागलं. हसू जरा आखडलं होतं. मग मी म्हटलं, "सध्या संपलीत. नंबर लावा." आणि मीही हसले, अगदी त्यांच्यासारखं.

तू हवी होतीस बघायला. म्हणजे, असतीस तर बघितलं असतंस, एवढंच म्हणायचंय.

आता उरलेल्या ससेवाल्या कापडाचं. छान जमतंय असं मी लिहिलं होतं. तू ते खरं मानलं नसशीलच. पहिली खेप बेतली, शिवली, कोकरासारखी मऊ पट्टी लावली, ढब्बूला घालायला गेले तर त्याचं डोकं कानापाशी अडकलं. असा टाहो फोडला की लाँड्रीवाला इस्त्री टाकून धावत आला. त्याच्या आईला बोलावंच लागलं नाही, ढब्बूने सगळं सांगितलं. दुसरी खेप बेतली तर गळा एवढा मोठा की एक खांदा बाहेर. तिसऱ्या खेपेला गळा बरा आला, मी खूश, टांगली खिडकीत, आणि ती नातवंडांची आजी येऊन म्हणते, "अहो, हे चुकलंय. ससा उलटा दिसेल बाळाला."

सवयीने सरळ बेतले होते मी! म्हणजे बघ, आता सरळ ससा ही माझी चूक ठरली. मला तिथेच फरशीवर बसून हसू फुटलं. ती आजी घाबरली.

दादा हे सगळं बघत होता. बघतोच तो, दारातून, हाताची घडी घालून. म्हणाला, "पत्रातून ती कात्री मागत असतेस म्हणे. ती डाव्या हाताची आहे. एकदा धरली होतीस तर तुझ्या अंगठ्याला फोड आला होता. तू काय करणार तिचं?"

मी म्हटलं, "तू तुझं काम बघ."

पण प्रश्न विचारलाय त्याने, तर तुलाही सांगते, म्हणजे तूही विचारायला नको. काय करायचं ते माझं मी बघेन. पाठवायची तर पाठव. किंवा पाठवू नकोस, आण.

मोबाईलवाला काल येऊन खोली बघून गेला. आपल्या टेबलाच्या जागी त्याला काचेचं कपाट ठेवायचंय. महिनाअखेर, दादा पुन्हा म्हणाला. "दोघी असाल तर मी मध्ये येणार नाही. शब्द देतो. पण दोघी कुठे आहात?"

मी जाऊन यंत्रावर बसले.

धाकटी


२६ मार्च

ताई,

ये म्हणून मी लिहीत नाहीये. तसं समजू नकोस. गेलीस तू, यायचं की नाही ते तुझं तू बघ. मी फक्त काय केलंय ते कळवतेय.

कापडाचा नवा ताका आणला. तेच ससे. तेच कापड मिळायला तीन दुकानं पालथी घातली. टेबल पूर्ण मोकळं केलं, तुझ्या बाजूला मी माझ्या बरण्या, बॉबिनं, चिंध्या ठेवायला लागले होते, त्या सगळ्या उचलल्या. खिडकी तुझ्या उजव्या हाताला येईल असं टेबल परत फिरवलं, तुझ्या हाताची सावली कापडावर पडू नये म्हणून. मी एकटी असताना ते माझ्या सोयीने फिरवून घेतलं होतं. दादाला बोलावलं नाही, एकटीने फिरवलं, पाठ अजून धरलीय.

आणि कापड अंथरलं. सशांचे कान तुझ्या बाजूला. तू नेहमी ठेवतेस तसाच कागद ठेव, घेर तुझ्याकडे, गळा माझ्याकडे, म्हणजे पुढचा ससा बाळासाठी बरोबर येईल. पाठ उलट दिशेने, तुझ्या पद्धतीने, कापड वाचवून. पाठ काही बाळाला दिसत नाही, ती आपली पाहुण्यांना. त्यांनीही बघावं बिचाऱ्यांनी.

हे सगळं मी टेबलाशी उभी राहून, कागद फिरवून फिरवून ताडून बघितलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तू पहिल्या खेपेला अगदी असंच बेतलं होतंस. पुढचा भाग बाळाला, पाठ जगाला. तू चुकली नव्हतीसच. पहिल्याच फटक्यात बरोबर बेतलं होतंस, आणि बघणारे चुकले. शेठ चुकले, दादा चुकला, तू स्वतःसुद्धा चुकलीस, चिठ्ठी लिहून गेलीस ती. त्या चिठ्ठीचं मी काय केलं सांगू? टाचण्या खोचायला घेतली.

मी आता काही बेतणार नाही. नवी कात्री लाँड्रीवाल्याला देऊन टाकली, त्याला दोऱ्या कापायला. गिऱ्हाइकांना सांगितलंय, बेतणारी बाहेरगावी आहे, थांबायला लागेल. थांबतो म्हणाले. ती आजी तर म्हणाली, "थांबते, पण नातवंडं वाढतायत हो, सांगा त्यांना." सांगितलं.

दादा आत आला, अंथरलेलं कापड बघून म्हणाला, "हे किती दिवस असं पडून राहणार?"

मी म्हटलं, "पडून नाही. वाट बघतंय."

धाकटी


३१ मार्च

ताई,

तुझं पत्र सकाळीच आलं. माझ्या इतक्या पत्रांना मिळून तू तीन शब्द लिहिलेस. खाली सही नाही, वर माझं नाव नाही. कागद उलटसुलट करून बघितला, उजेडात धरून बघितला. 'कापड धुतलंस का?' बास.

मी ते वाचून टेबलाच्या तुझ्या बाजूला जाऊन बसले. किती वेळ ते विचारू नकोस.

दादा ठरल्याप्रमाणे दुपारी आला, मोबाईलवाल्याला घेऊन. मोबाईलवाल्याच्या हातात मोजपट्टी. तो थेट आपल्या टेबलापाशी आला आणि भिंतीला पट्टी लावायला लागला. मी म्हटलं, "हात नका लावू." तो दादाकडे बघायला लागला. दादा म्हणाला, "हे बघ, आज तारीख काय आहे? मी शब्द दिला होता, दोघी असाल तर. कुठे आहे दुसरी?"

मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं.

त्याने वाचलं. मागे काही आहे का बघितलं, मीही बघितलं होतं तसंच. मग परत वाचलं. तोही याच घरात वाढलाय ना. तू न धुतलेल्या कापडाला जन्मात कधी कात्री लावली नाहीस, आणि जे बेतायचं नाही त्याची चौकशीही कधी केली नाहीस, हे त्याला काय मी सांगायचं? त्याचा चेहरा आईसारखा झाला होता, ती रागवायची ठरवून आत यायची आणि आपल्याला बघून विसरायची, तेव्हा व्हायचा तसा.

त्याने पत्र घडी करून मला परत दिलं आणि मोबाईलवाल्याला म्हणाला, "चला, मागच्या गल्लीत एक गाळा आहे, तो दाखवतो."

"पण इथे तर या एकट्याच आहेत," तो माणूस म्हणाला.

"दोघी आहेत," दादा म्हणाला आणि त्याची मोजपट्टी त्याच्या हातात गुंडाळून दिली.

जाताना दारात थांबला. म्हणाला, "तिला म्हणावं, फोन उचलत जा." मी म्हटलं, तूच सांग, आल्यावर.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. धुतलं नव्हतं. तू समोर नसलीस की हे असं होतं माझं. न धुता अंथरून बसले होते, आटलं असतं आणि सगळी झबली ढब्बूच्या कानापाशी अडकली असती. दादा गेल्यागेल्या उचललं, भिजत घातलं, पिळलं, आणि आत्ता दाराबाहेर दोरीवर टाकलंय. सगळे ससे डोक्यावर लटकतायत. येणारेजाणारे माना वाकड्या करून हसतायत. लाँड्रीवाला सगळ्यांना समजावून सांगतोय, जसं काही त्यालाच सुचलं होतं.

कात्री हातातल्या पिशवीत आण, मोठ्या बॅगेत टाकू नकोस. टोकाला बूच लाव.

कापड तू येईपर्यंत वाळेल.

धाकटी